फॅस्टिडियस

स्टाफरूममध्ये चहा आला की मास्तर पिशवीतून स्वतःचा कप काढत, रुमालाने पुसत आणि चपराशाला म्हणत, "यात टाक." पांढरा, निळ्या काठाचा कप. पिऊन झाल्यावर तो स्वतःच धुवायचे आणि कोरडा करून पुन्हा पिशवीत ठेवायचे.

असा एखादा चोखंदळ माणूस तुमच्याही ऑफिसात असेल आणि तुम्ही त्याला हसला असाल. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या शाळेत सगळेच हसत. मास्तर इंग्रजी शिकवायचे, राजेगावहून बसने यायचे आणि इस्त्री मोडू नये म्हणून जागा असली तरी उभे राहायचे. बाहीवर खडू पडला की शिकवणं थांबवून झटकायचे.

एकदा मी चिडवलं, तर म्हणाले, "सर, तुमच्या शर्टावर डाग पडला तं तो डाग असते. माह्या शर्टावर पडला तं ते माही जात असते."

कपाची गोष्ट मला चपराशाने सांगितली. मास्तरांचं घर तेव्हा नुकतंच बौद्ध झालेलं. ते आमच्या शाळेत बदलून आले त्या दिवशी सगळ्यांना चांगल्या कपात चहा आला, यांना कान तुटलेल्या. तो कप समोरच्या हॉटेलाच्या बाहेरच्या कोनाड्यात असे, आणि कुणासाठी असे ते गावाला ठाऊक होतं. मास्तरांनी चहा मुकाट्याने घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून घरचा कप आणला. पुढे तुटका कप सगळे सोयीस्करपणे विसरले. लक्षात राहिला तो मास्तरांचा नखरा.

हेडमास्तरची जागा रिकामी झाली तेव्हा सर्वांत जुने तेच होते. इन्स्पेक्टरसाहेब आले, स्टाफशी बोलले आणि जाताना हसत म्हणाले, "मास्टरजी, आप पढ़ाते बढ़िया हैं, पर बड़े फॅस्टिडियस हैं. स्टाफ के साथ चाय तक नहीं पीते!" जागा मागून आलेल्या एकाला मिळाली.

संध्याकाळी बसस्टँडवर मी त्या शब्दाचा अर्थ विचारला. मास्तर वर्गात असल्यासारखे सांगू लागले. "लॅटिनातून आला, सर. मूळ अर्थ किळस. इंग्रजीतबी पयले किळसवाना, मंग किळस करनारा, असाच होता. घासून घासून साफ झाला. आता टापटिपीच्या मानसाले म्हनतेत."

बस लागली तरी ते चढेनात. "शब्दाचं बरं हाय. त्याचा जुना अर्थ लोकं विसरून गेले. माहा काहून नाही विसरत?"

मला त्या साहेबाचा आणि आमच्या स्टाफचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा हेडमास्तरांनी भाषणात त्यांच्या 'सफाईपसंद' स्वभावाचं कौतुक केलं आणि स्टाफतर्फे भेट दिली. काय, तर चिनी मातीचा टी-सेट! मास्तरांनी खोकं तिथेच उघडलं, कप धुऊन घेतले आणि सगळ्यांना चहा दिला. एक कप स्वतः घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी पिशवी उघडली नाही. "सेट शाळेलेच ठेवा," म्हणाले, आणि शेवटच्या बसने गेले.

दुसऱ्या दिवशी चहा त्याच कपांतून आला. हेडमास्तरांनी कप तोंडाशी नेला आणि थांबले.

"कल मास्टरजी ने कौन-से में पी थी?"

"क्या मालूम, सर," चपराशी म्हणाला. "सब एक जैसे तो हैं."

हेडमास्तरांनी कप खाली ठेवला. मग बाकीच्यांनीही एकेक करून ठेवले. मी माझा चहा संपवला, तरी कुणी कपाला हात लावला नव्हता. त्या शब्दाचा जुना अर्थ आमच्या स्टाफरूममध्ये कुणीच विसरलं नव्हतं.