झोका बंद केला तेव्हा

माझी पहिली पोरगी तीन महिन्यांची होती, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव धानोऱ्याकडचं, जंगलातलं. बाजाराच्या दिवशी दवाखान्याची नर्सबाई यायची आणि लेकरू कापडात घालून काट्याला टांगायची. दोन खेपा झाल्या, काटा त्याच खुणेवर. ती म्हणाली, "पंधरा दिवसांनी पाहू. नाही वाढली तर चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या." चांदा म्हणजे मला दुसरा मुलूखच. तिथून लेकरू परत येते की नाही, हीच धास्ती.

त्याच आठवड्यात माझे दीर सुटीत घरी आले. ते शाळामास्तर. मी जात्यावर दळत होते.

"वैनी, पीठ कसं कडेनं बाहेर पडून राह्यलं, पाहा. पृथ्वीबी अशीच फिरते, आपल्याले बाहेर फेकू पाह्यते. तिची ओढ मोठी, म्हणून आपण इथी आहो. पण फिरण्यापायी आपलं वजन जरासं कमी भरते."

"म्हंजे ती थांबली तं वाढन?"

"वाढन न! तुमचं दोन मुठी तांदळाएवढं."

ते हसत उठून गेले. मी मात्र दळण अर्धं टाकून बसले. पृथ्वी काही माझ्यानं थांबायची नाही. पण पाळणा? सासूबाई दिवसभर त्याला झोके द्यायच्या. मी पाळण्याची दोरीच सोडून ठेवली.

"काऊन वं, पोरगी रडून राह्यली न!" सासूबाई म्हणाल्या.

"झोक्यानं वजन घटते, बाई. भाऊजींनी सांगितलं."

"मंग तूबी हलू नको. गाडाभर होशीन!"

झोका नाही म्हणून पोरगी झोपेना. रडली की मी छातीशी घ्यायची. दिवसातून किती वेळा, ते देवाला ठाऊक.

पंधरा दिवसांनी काटा दोन खुणा पुढे गेला. मी आनंदानं झोक्याचं सांगितलं. नर्सबाई म्हणाली, "अहो, रडली तेव्हा काय केलंत?"

"पाजलं."

"मग दुधानं वाढली ती. इतके दिवस झोके देऊन उपाशीच झोपवत होतात."

मला रडावं की हसावं कळेना. घरी दिरांना विचारलं, तर ते म्हणाले, "झोका म्हंजे काही फिरणं नाई, वैनी." मग पृथ्वी फिरतच होती, तरी पोरगी वाढली कशी? आणि फिरण्यानं वजन घटतं, तेही खोटं नाही म्हणतात! पुढे मी आपली आपण वाचायला शिकले, त्यांची पुस्तकंही धुंडाळली. जितकं वाचलं तितका गुंता वाढला. त्या दिवशी एवढंच कळलं होतं, की चांद्याला जायचं नाही. गाठोडं बांधून ठेवलं होतं, ते सोडलं आणि पोरीला पुन्हा पाजायला घेतलं.