चाळीस नंबर काय करतो

विभा कर्णिकला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि नोकरी तिला नेमकी त्यामुळेच मिळाली. सिंगापूरमधल्या पाया लेबार भागातल्या एका छोट्या कंपनीत सामन्यांचे व्हिडिओ बघून नोंदी करायच्या होत्या: चेंडू कोणी टाकला, कोणी अडवला, कोणाचा हुकला. मुलाखत घेणारे निशिकांत दामले म्हणाले, खेळ कळणारी माणसं जे घडायला हवं होतं ते लिहितात; मला जे घडलं ते लिहिणारं माणूस हवंय. विभाने ठाण्यात बारा वर्षं मुद्रितशोधन केलं होतं. छापलंय तेच वाचायची तिला सवय होती.

तिच्या वाट्याला जपानची व्यावसायिक लीग आली, तीही सगळ्यांत खालची, तिसरी श्रेणी. ऑक्टोबरपासून बावन्न सामने. शनिवारी ज्यांच्याशी खेळायचं, बहुतेकदा त्यांच्याशीच रविवारी पुन्हा. वरच्या श्रेणीत चढायचं तर शेवटच्या बाद फेऱ्या जिंकायच्या. त्यातला उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावाचा संघ तिच्याकडे होता. व्हिडिओ यायचे ते आवाज काढूनच.

डिसेंबरात तिला एक गोष्ट खटकली. या संघात चाळीस नंबरचा ओनोदेरा नावाचा खेळाडू होता. वयाने सगळ्यांत मोठा, गुडघ्याला पट्टा. त्याच्या नावापुढे धड नोंदच होत नसे. दोन गुण, एखादा पास. पण तो कोर्टवर आला की संघ पुढे सरके, आणि बाहेर बसला की मागे पडे. तिने निशिकांतना विचारलं. ते म्हणाले, योगायोग असेल. विभाने सुट्टीचे दिवस घालवून वीस सामने पुन्हा पाहिले. योगायोग नव्हता.

मग एका रविवारी ती लेकीला, आर्याला, घेऊन वुडलँड्समधल्या आपल्या इमारतीखालच्या कोर्टवर उतरली आणि ओनोदेरा समोरच्याच्या वाटेत आडवा उभा राहून आपल्या खेळाडूला मोकळी जागा कशी करून देतो ते करून दाखवू लागली. धावत आलेली आर्या तिच्यावर आदळली. दोघींची कोपरं सोलवटली.

"आई, दॅट्स अ स्क्रीन, ला," आर्या कोपर चोळत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "एव्हरीबडी डझ इट."

"करत असतील. पण हा आधीच तिथे जाऊन उभा असतो. त्याला कळतं कसं?"



संघ उपांत्य फेरीत पोचला तेव्हा विभाने रजा टाकली. नवऱ्याने, श्रीनिवासने, विचारलं की व्हिडिओत सगळं दिसतंच, मग तिथे जाऊन आणखी काय दिसणार? तरी ती गेली. टोकियोपर्यंत विमानाने, पुढे रेल्वेने.

हॉलमध्ये ढोल वाजत होते, बूट किरकिरत होते. त्या सगळ्या गलक्यातून पहिल्या पाच मिनिटांतच तिला एक आवाज वेगळा ऐकू आला. ओनोदेरा बोलत होता. सारखा. बाकावर बसला तरी त्याचं तोंड थांबत नव्हतं. त्याने हाक दिली की कोणीतरी हलायचं आणि जागा मोकळी व्हायची. हा सगळ्यांना हुकूम सोडतोय, असं विभाला वाटलं.

संघ शनिवारी जिंकला, रविवारी हरला, आणि सोमवारच्या निकाली सामन्यात चार गुणांनी कमी पडला. श्रेणी तिसरीच राहिली. खेळाडू दारापाशी ओळीने उभे राहून प्रेक्षकांना वाकून निरोप देत होते. डोळे लाल झालेल्या ओनोदेराला आत्ता विचारावं का, असं तिला वाटलं, पण विचारल्याशिवाय परतवेना. तिने फोनवर भाषांतर करून ठेवलेला प्रश्न पुढे केला: "कुठे उभं राहायचं ते तुम्हाला आधीच कसं कळतं?"

त्याने तो दोनदा वाचला. मग फोन हातात घेऊन सावकाश टाइप केलं. पडद्यावर उमटलं, "कळत नाही. म्हणून प्रत्येकाला विचारत राहतो."

म्हणजे ते हुकूम नव्हते, प्रश्न होते; तो कोणाला, काय विचारत असेल, याचे अंदाज ती परतीच्या विमानात बांधत राहिली, पण जपानी येत नसल्याने खात्री होईना. जूनमध्ये तिने जपानी भाषेच्या वर्गात नाव घातलं. तुम्ही का शिकताय, असं शिक्षिकेने पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा तिने चाळीस नंबरची सगळी हकीकत सांगितली, आणि वर्ग वीस मिनिटं उशिरा सुटला.