डोळ्यातलं तांबं

लोहचुंबक म्हणजे जादू असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्याकडे एक उन्हाळा काढायला हवा होता. सत्तरच्या दशकात नागपुरात कूलर आले आणि त्यांच्या जळक्या मोटारी आमच्या ओसरीवर. नवऱ्यानं जुनी तार काढायची, मी नवी गुंडाळायची. तारेचे वेढे घालून करंट सोडला की मधोमध चुंबकाचा जोर येतो. वेढे वाढवा, जोर वाढतो. बटण बंद, जोर खलास. मी चौथी शिकलेली, पण खिळा धरून धरून एवढं पाठ झालं होतं. आणि हेही, की जी तांब्याची तार हा जोर उभा करते, तिला चुंबक विचारतसुद्धा नाही.

जुनी तार तापवून मऊ करायची, मग छन्नीनं तोडायची, ही रीत. त्या मे महिन्यात गिऱ्हाईक दारात ठाण मांडून बसलं होतं. मीच कटकट केली, "तापवत काहून बसले जी? तोडा तशीच." तोडली. काहीतरी उडालं आणि ह्यांनी उजवा डोळा दाबून धरला.

मी छन्नी उचलून पाहिली. धार शाबूत होती. म्हणजे उडालं ते तांबं.

दवाखान्यात डोळ्याचा एक्स-रे फोटो काढला. त्यात कण दिसला, पण कशाचा ते फोटो सांगत नाही. हे म्हणाले, "छन्नीची कपची हाये जी, लोखंड." डॉक्टरांना बरं वाटलं. लोखंड असेल तर विजेच्या मोठ्या चुंबकानं ओढून काढू म्हणाले, फक्त यंत्र दुरुस्तीला गेलंय, दोन दिवस थांबा.

मी तोंड उघडलं नाही. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, हे एक. शिवाय मलाही ते लोखंडच हवं होतं. आपलंच मन, पढवाल तसं बोलतं.

तिसऱ्या दिवशी चुंबक डोळ्याजवळ आणला. कण हलला की दुखेल, सांगा, असं डॉक्टर म्हणाले. बटण दाबलं. "दुखतं का?"

"नाही जी."

आणखी जवळ आणला. "आता?"

"नाही."

तोवर आत पू झाला होता. डोळा काढावा लागला. डॉक्टर मला म्हणाले, "तांबं आहे हे पहिल्या दिवशी कळतं, तर लगेच ऑपरेशन केलं असतं. कदाचित वाचला असता." स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून ह्यांनी विचारलं, "तुले मालूम होतं का वं?"

"मले कसं मालूम राहीन?" मी म्हणाले आणि भाकरी थापायला बसले.