चौसष्ट पेपर आणि एक रविवार

प्रयोगशाळा परिचर, कीटकशास्त्र विभाग. सेवाकाल चौतीस वर्षे दहा महिने. वर्तणूक समाधानकारक. दृष्टी चांगली (चष्म्यासह). कर्तव्ये : काचसामान धुणे, इन्क्युबेटरचे तापमान दिवसातून दोनदा पाहणे, सांगितलेल्या नोंदी सांगितलेल्या वेळी करणे आणि वरिष्ठ सांगतील ती इतर कामे. संशोधनाशी संबंध : नाही. निरीक्षणवह्यांतील नोंदी अखंड, अक्षर सुवाच्य. सबब सदर कर्मचारी दोन महिन्यांनी निवृत्त होण्यास सर्वथैव पात्र आहे.

हा कागद टाइप होत होता तेव्हा सदर कर्मचारी सिंकपाशी परीक्षानळ्या विसळत उभे होते. त्यांना सगळे मामा म्हणत. विभागप्रमुख मॅडम म्हणत म्हणून विद्यार्थी म्हणत, विद्यार्थी म्हणत म्हणून कँटीनवालाही म्हणे. मूळ भाचा कोण, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

मामांना प्रश्न विचारायची खोड होती. नळी धुतानाही, हिच्यात काय होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे कळल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. बरेच जण 'असंच काहीतरी' म्हणून वाटेला लावत. त्या वर्षी मात्र खिडकीजवळच्या टेबलावर एक ताई बसत, आणि त्या उत्तर देत. शाळेत विज्ञान शिकवायच्या. कडधान्याला लागणाऱ्या भुंगेऱ्यावर पीएचडी करायला दोन वर्षांची रजा काढून आल्या होत्या. रजा महिनाअखेर संपत होती आणि शाळेने वाढवून द्यायला साफ नकार दिला होता.

"ताई, हे कोळ्याचं जाळं कसलं?" मामांनी एकदा त्यांच्या खांद्यावरून कॉम्प्युटरमध्ये डोकावून विचारलं.

"जाळं नाही मामा, नकाशा. एकेक ठिपका म्हणजे एकेक पेपर. डेटाबेसमधून शोधून काढले. कुणी कुणाचा संदर्भ दिलाय, ते बाण दाखवतात."

"आणि हा भोपळ्याएवढा?"

"त्याचा संदर्भ सगळ्यात जास्त जणांनी दिलाय. चौसष्ट."

"बाप रे. चौसष्ट जणांनी वाचलाय म्हणजे!"

"नाव घेतलंय," ताई म्हणाल्या. "वाचलाय की नाही, ते कॉम्प्युटर सांगत नाही."

मामांना हे फार आवडलं. नळ्या तशाच ठेवून ते स्टूल ओढून बसले.

तो भोपळाच ताईंच्या मुळावर आला होता. भुंगेऱ्याची मादी दाण्यावर अंडी चिकटवते. अंडं फुटलं की अळी थेट दाण्यात शिरते आणि मागे राहिलेलं टरफल भुश्शाने पांढरं पडतं. ताईंच्या डब्यांत ही अंडी सहाव्या दिवशी पांढरी पडत. भोपळा म्हणत होता सात. उरलेले चौसष्टही सातच म्हणत होते. ताईंचा सगळा हिशेब, धान्य कधी तपासावं, कधी वाळवावं, सहावर उभा होता.

ताईंच्या मार्गदर्शकही मॅडमच. त्यांनी प्रबंधातलं आढाव्याचं प्रकरण परत पाठवताना स्पष्ट सांगितलं होतं, "एका बाजूला चौसष्ट पेपर आणि दुसऱ्या बाजूला तुमचे चार डबे. परीक्षक कुणाचं ऐकतील? प्रयोग पहिल्यापासून करा."

पहिल्यापासून म्हणजे अजून एक वर्ष. वर्ष नव्हतं. ताई प्रबंध सोडून शाळेत परत जायचा अर्ज लिहायला लागल्या होत्या.

मामांनी बराच वेळ ठिपके न्याहाळले. मग विचारलं, "ह्या चौसष्टांतल्या किती जणांनी स्वतः मोजलं?"

ताईंनी अर्ज बाजूला सारला. "हे मी पाहिलंच नाही."

चार दिवस त्या एकेक ठिपका उघडून त्यातला 'पद्धती' हा भाग वाचत राहिल्या, आणि मामा येता-जाता 'किती झाले?' विचारत राहिले. हाती आलं ते असं : एकसष्ट जणांनी मोजलंच नव्हतं. कुणी भोपळ्यावरून उचललं होतं, कुणी भोपळ्यावरून उचलणाऱ्यावरून. दोघांनी डबा आठवड्यातून एकदाच उघडला होता, त्यामुळे त्यांना आठवडाच दिसला. उरलेल्या एकाने लिहिलं होतं, की काही अंडी अपेक्षेआधी फुटली, बहुधा थर्मोस्टॅट बिघडला असावा, क्षमस्व.

"हा एकटाच बघत होता," मामा म्हणाले, "आणि ह्यानेच माफी मागितली."

"आता मूळ पेपर बघू." ताईंनी भोपळ्यावर क्लिक केलं. इतके दिवस त्यांनीही त्याचा फक्त सारांश वाचला होता, हे त्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं.

टाइपरायटरवर बडवलेलं पान वर आलं. मामांनी चष्मा लावला. तेहतीस वर्षांपूर्वीचा पेपर, लेखक विभागाचे तेव्हाचे प्रमुख मोठे सर, प्रयोग ह्याच खोलीतला. अंड्यांच्या वीस तुकड्या, प्रत्येक तुकडी सोमवारी सकाळी ठेवलेली, दिवसांची मोजणी मंगळवारपासून. वीसच्या वीस सातव्या दिवशी फुटल्या. 'निष्कर्षांतील ही एकवाक्यता उल्लेखनीय आहे.' तळाशी बारीक अक्षरात, 'निरीक्षणांबद्दल प्रयोगशाळा परिचराचे आभार.'

"मामा! हे तुम्ही?"

"मीच की." मामा बोटांवर काहीतरी मोजत होते. सोमवारी ठेवली की सहावा दिवस कोणता, हे एका हाताची बोटं संपल्यावर लगेच कळतं. त्यांनी हात खाली घेतला.

तोवर ताईंच्याही ते लक्षात आलं होतं. "रविवारी बघायचं राहिलं तर नव्हतं? जुनी वही असेल ना?"

वही होती. मामांनी काही जपलं नाही असं नव्हतंच. ताईंनी पानं उलटली. प्रत्येक रविवारसमोर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'बदल नाही.'

"बघितलं होतं तुम्ही." ताईंनी वही मिटली. "मग मिटलंच. माझंच कुठेतरी चुकतंय."

इन्क्युबेटरचं तापमान त्या दिवशी त्यांनी तिसऱ्यांदा पाहिलं.

घरी बायकोने एका नजरेत ओळखलं. त्या निवृत्त परिचारिका. लपवलेलं दुखणं काढून घेण्यात त्यांची हयात गेली होती. मामांनी चौसष्ट ठिपक्यांपासून ताईंच्या रजेपर्यंत सगळं सांगितलं.

"त्या वर्षी तुला रविवार सोडून सुट्टीच नसायची," मामा म्हणाले. "मी लॅबला जातच नव्हतो. सोमवारी लवकर जाऊन रविवारचं लिहायचो."

"अगं बाई! म्हणजे चौसष्ट विद्वान माझ्यामुळे फसले?"

"थट्टा नको. खोटी नोंद आहे ती. दोन महिन्यांवर निवृत्ती आलीय. चौकशी लावतील."

"लावतील किंवा नाही लावणार. पण त्या बिचारीची रजा संपणार की नाही?"

"संपणार."

"मग कसला एवढा विचार करताय? आणि माझं नाव सांगितलंत तरी चालेल. तेवढीच शास्त्राची सेवा."

सकाळी मामा मॅडमच्या केबिनमध्ये गेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, मी रविवारी आलो नव्हतो."

"कुठल्या रविवारी?"

"तेहतीस वर्षांपूर्वीच्या. वीसच्या वीस."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मामांनी सगळं सांगितलं. सोमवारी डबा उघडला की अंडी आधीच पांढरी असत. एकदा सरांना म्हणालेही होते, की ही आज फुटल्यासारखी वाटत नाहीत. सर म्हणाले होते, दिसतं ते लिही, वाटतं ते लिहू नकोस.

"बरोबरच होतं सरांचं," मॅडम म्हणाल्या.

"हो. पण रविवारी मला काही दिसलंच नव्हतं, आणि तेही मी लिहिलं."

"त्या चौसष्टांत माझाही प्रबंध आहे, मामा."

"ठाऊक आहे. डावीकडून तिसरा ठिपका."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते पुरतं येऊ दिलं नाही. "तुमच्या शब्दावर चौसष्ट पेपर पाडता येणार नाहीत. डबा मात्र ठेवता येईल. तुमच्यासारखाच, सोमवारी. रविवारी मी स्वतः येते. अंडी फुटलेली निघाली तर ताईंचं प्रकरण मी जसंच्या तसं पुढे पाठवते, तुमचा जबाब जोडून. लेखी द्या. तुमच्या नोंदीचं काय करायचं ते मलाही आत्ता माहीत नाही."

मामांनी लेखी दिलं.

रविवारी इमारतीला कुलूप असे, म्हणून परवानगी लागली. ती तीन सह्यांनिशी शुक्रवारी आली : 'उपरोक्त विषयास अनुसरून, विशेष बाब म्हणून व पूर्वोदाहरण न ठरता, संभाव्य जैविक घटनेच्या अवलोकनार्थ प्रयोगशाळा सदर रविवारी सकाळी साडेनऊ ते दहा या वेळेत उघडण्यास मान्यता देण्यात येत आहे. सदर घटना विहित वेळेत न घडल्यास कार्यालय जबाबदार राहणार नाही.'

रविवारी साडेनऊला मॅडमनी डबा उघडला. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस अंडी पांढरी होती.