साडूच्या गाडीचे अकरा दिवे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात की मला पुढचं सांगवत नाही. आणि आमची ही बाजारातून यायच्या आत सांगून टाकतो. ती आली की तीच सांगायला लागते, आणि तिच्या सांगण्यात मी याहून मोठा गाढव असतो.

तर मी वायरमन. लोणावळ्यात बावीस वर्षं. तुंगार्लीतल्या निम्म्या बंगल्यांत पंखा फिरतो तो मी जोडलेला. सासुरवाडी भाजे गावची, आणि तिथला मी थोरला जावई. आता थोरल्या जावयाला असं काय मोठं मिळतं? सासऱ्यांच्या ओसरीवर हातांची एकच खुर्ची आहे. मी गेलो की मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, ती पदरानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "बसा पाव्हणं." बाकीचे सतरंजीवर. सोळा वर्षं त्या खुर्चीत माझ्याशिवाय कुणी बसलं नव्हतं.

मग आमच्या साडूनं, मिलिंदनं, कॅम्पर घेतली.

कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर हो. आत पलंग, शेगडी, बेसिन, आणि बाहेरून वरच्या कडेनं चारी बाजूंनी अकरा दिवे. पर्यटकांना शनिवार-रविवार राहायला म्हणून मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, शेताच्या कडेला त्यानं ती उभी केली. सगळा पत्रा चकचकीत. मळवली स्टेशनात उतरलं की उन्हात चमकताना दिसायची. मी उतरायचो आणि तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागायचं.

पुढच्या रविवारी ओसरीवर गेलो तर खुर्चीत मिलिंद. मामी मला म्हणाल्या, "टेका की हितं," आणि सतरंजीवर हात ठेवला. वर पुन्हा, "आमच्या मिलिंदरावांची गाडी बघितली का? लय झ्याक हाय."

मी जळलो. उगाच गोड शब्द कशाला शोधू?

त्या चकचकीत पत्र्याकडे मला बघवेना. म्हणून मी काय केलं असेल? चहा पिता पिता अगदी काळजीच्या सुरात म्हणालो, "मिलिंद, हा पावसाळा काढला की पत्र्याला गंज धरणार बघ. रंग देऊन टाक. हिरवट करडा दे. डोंगरात मिसळून जाईल." म्हणजे मळवलीतून दिसणार नाही, हे मनातल्या मनात.

पोरगा सरळ. "दादा, तुम्ही म्हणता तर देतो."

मग मला जोरच चढला. रंगाऱ्याला मी स्वतः जाऊन सांगितलं, "सगळे दिवे काढ. पत्रा, दिवे बसतात त्या लोखंडी पट्ट्या, स्क्रूची भोकं, काही सोडू नकोस. दोन हात मार." त्यानं तीन मारले. दिवे परत बसवले तेव्हा गाडी पाण्याच्या जुन्या टाकीसारखी दिसत होती. त्या रात्री मला छान झोप लागली.

शनिवारी दुपारी मिलिंदचा फोन. "दादा, सहा वाजता पहिले पाहुणे येतायत, आणि बाहेरचा एकही दिवा लागत नाहीये. आतले लागतात. तुमच्याशिवाय कोण बघणार?"

मला इतका आनंद झाला की हातातली भाकरी तशीच ठेवून मी निघालो. आमची ही म्हणाली, "खाऊन तरी जा." म्हटलं, तूही चल, बघ तुझ्या मेहुण्याची गाडी.

शेतावर पोचलो तर मामींनी ती खुर्ची गाडीपाशी आणून ठेवलेली. "काम झालं की बसा पाव्हणं," म्हणाल्या. बसा. किती दिवसांनी ऐकला हो तो शब्द.

मी खिशातला टेस्टर काढला, तोच तो स्क्रू ड्रायव्हरसारखा, आणि पहिल्या दिव्याच्या वायरीला लावला. टेस्टर पेटला नाही. दुसऱ्याला लावला. नाही. अकराही दिवे बघून झाले आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बॅटरी मेली."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. घरातल्या करंटचा टेस्टर बारा व्होल्टच्या बॅटरीवर पेटतच नसतो. बॅटरी कालच घेतलेली असली तरी पेटत नसतो. हे काय मला माहीत नाही? पहिल्या आठवड्यात शिकतात हे. पण त्या दिवशी डोक्यात एकच, की मिलिंदची गाडी खराब निघाली पाहिजे.

मिलिंद म्हणाला, "पण दादा, आतला पंखा चालू आहे की."

"तो उरलासुरला करंट आहे," मी म्हणालो.

बावीस वर्षांचा वायरमन. उरलासुरला करंट.

मग म्हटलं खात्री करू. बांधावर मामांचा ट्रॅक्टर उभा होता. त्याची बॅटरी काढून आणून जोडली. टेस्टर लावला. पेटला नाही. मी मान हलवली. "हीपण मेली."

मागून मामांचा आवाज आला. "कोन मेलं?"

"तुमच्या ट्रॅक्टरची बॅटरी, मामा."

"अवो, आत्ता तर टाकव्यावरनं चालवत आनला मी. तितनं हितवर काय ढकलत आनला व्हय?"

आमची ही तोंडाला पदर लावून तिकडे वळली. मी घाम पुसत म्हणालो, "मग वायरिंगच जळलंय. हे बघा, प्रत्येक दिव्याला एकच वायर. दिव्याला दोन लागतात. मिलिंद, गॅरेजवाल्यानं तुला फसवलं. हे सगळं उपटावं लागेल." आणि खरंच पक्कड घेऊन पहिली वायर ओढायला निघालो. पाच वाजून गेले होते. मिलिंदचा चेहरा इतका पडला की मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

"थांबा पाव्हणं," मामा म्हणाले. त्यांनी ट्रॅक्टरच्या पेटीतून दोन वायरी जोडलेला एक बल्ब आणला. एक टोक दिव्याच्या वायरीला लावलं, दुसरं दिव्याच्या पट्टीला. काही नाही. मग खुरप्यानं बाजूचा रंग खरवडला, आतला पत्रा चमकला, आणि ते टोक तिथे टेकवलं. बल्ब लख्ख पेटला.

"बॅटरीबी बरी, वायरबी बरी," मामा म्हणाले. "गाडीला एकच वायर असती. दुसरी वायर म्हंजी हा पत्राच. ट्रॅक्टरलाबी आसंच असतंय. मधी रंग आला, मंग करंट माघारी जानार कुटनं?" मग मिलिंदकडे वळून, "दिव्यांखाली रंग मारायची अक्कल कुनाची म्हनायची?"

मिलिंद चांगला माणूस आहे, त्यानं खाली बघितलं. मी डोंगराकडे बघितलं. आमची ही म्हणाली, "ह्यांची."

मामा सावकाश गेले, ती हातांची खुर्ची उचलून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. मामींनी सवयीनं पदरानं पुसली.

सहाला पाहुणे आले तेव्हा अख्ख्या भाजे गावात खुर्ची एकट्या मलाच होती. हातात खुरपं घेऊन मी तिच्यावर उभा होतो, आणि नऊ दिव्यांखालचा रंग खरवडायचा बाकी होता.