काका गप बसले तवा आवाज सापडला

आज लई थकले, पण हे कुणाला तरी सांगायचंय.

निलंग्यात आमचं छोटं गॅरेज हाय. शाळा सोडल्यापासून मी पप्पासोबतच काम करते. पप्पाला एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून गाडीतला आवाज ओळखायचं काम माझं.

एका काकानं गाडी उंच दिसावी म्हणून बाहेरून शॉकअप आणले अन् आमच्याकडं बसवले. तवापासून खालून टकटक. सकाळी येऊन म्हणले, "आज आवाज गेला न्हाई तर काढा हे शॉकअप. अन् गावभर सांगतो, कसं काम करता ते."

लातूर रोडला चकरांवर चकरा मारल्या. पप्पा गाडी चालवत होते, मी मागं कान लावून बसलेली. पण पुढं बसलेल्या काकाचं तोंडच बंद न्हाई. "काय पोरी, आलं का ऐकू? का झोपलीस?"

मला परक्या माणसासमोर बोलायला जमत न्हाई. पण डोकं उठलं होतं. तोंडातून निघूनच गेलं, "काका, जरा गप बसता का?"

गाडीत एकदम शांत.

ब्रेकरवर दोन्ही चाकं संगं गेली, आवाज न्हाई. पुढं एकच चाक खड्ड्यात गेलं अन् टक! शॉकअप चांगलेच होते. गाडी उंच झाल्यानं जुना लिंक रॉड, म्हंजी एक चाक खालीवर झालं की गाडीचा तोल धरणाऱ्या दांडीचा जोड, ताणला जाऊन ढिला झाला होता. तो बदलला, आवाज बंद.

काकाबी बंद. जाताना "येतो" सुद्धा म्हणले न्हाईत.

पप्पा म्हणले, "आवाज घालवलास माय, गिऱ्हाईकबी घालवलंस का काय!"

हसूनच म्हणले, पण मला तवापासून तेच खातंय. तुम्ही असता तर काकाला कसं सांगितलं असतं?