हिरव्या जाळ्याले निळा धागा

आमच्या घरच्या जाळ्याले हिरवा धागा, शेजारच्या भाऊच्या जाळ्याले निळा. मूल तालुक्यातल्या आमच्या गावात तलाव एकच, जाळे सगळ्यायचे सारखे. म्हणून जाळं फाटलं का ज्यानं त्यानं आपल्या रंगानं शिवायचं. तलावाच्या पाळीवर वाळत घातले का रंगावरून समजे, कोणाचं कोणतं. याच्यात कोणाची चुकी होतच नाई. आन् माह्या बाबाची झाली!

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी चंद्रपूरले बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाले, सुट्टीत घरी आली होती. सकाळी सकाळी शेजारचा भाऊ आमच्या अंगणात येऊन उभा.

"काऊन गा, माह्यं जाळं तुह्या अंगणात कसं?"

"तुह्यं कुठलं बे? आठ दिवस बसून म्या शिवलं. हिरवा धागा दिसत नाई का?" बाबा म्हणे.

"हा हिरवा? मंग आभाळ बी हिरवंच म्हण आता!"

धागा निळा होता. निळा म्हणजे निळाच! बाबानं सोताच बाजारातून हिरवं समजून रीळ आणलं होतं. गाठी पाहाल तर एक बी इकडची तिकडं नाई. तिथंच तर आम्ही सगळे फसलो. बाबाचे हात न पाहता जाळं शिवते, म्हणून कोणालेच समजलं नाई का त्याले दिसणं कमी झालं. उजवा डोळा शुगरनं आधीच गेला होता. डाव्याचं विचारलं का म्हणे, एकदम बेस आहे.

भाऊ हासत होता. मले हासू येईना. मी म्हटलं, बाबा, उद्याच चंद्रपूरले जाऊ, डोळे दाखवू.

भाऊच बोलला, "नेऊ नको पोट्टे. तिथं लेझर मारतेत. डोळा जाळून टाकतेत. पाटाजवळचा तो म्हातारा लेझर करून आला आन् महिन्याभरात आंधळा झाला."

"तो गेलाच किती उशिरा, भाऊ! आधीच त्याले भिंत दिसत नव्हती."

"तू डॉक्टर झाली का?"

नाई झाली. पण मी वाचलं होतं! कॉलेजात पेशी शिकवताना सरानं एका ओळीत सांगतलं का शेजारशेजारच्या पेशी बारीक वाटांनी एकमेकीशी बोलतेत. मी विचारलं, शुगर वाढल्यावर त्या वाटांचं काय होते? सर म्हणे, परीक्षेत येत नाई. येत नाई तं नाई! मी सायबर कॅफेत जाऊन चार पानं काढून आणले, डिक्शनरी घेऊन बसली आन् अर्ध्याच्या वर समजून घेतले.

त्या रात्री जेवताना बाबाले सगळं सांगतलं, धडधड धडधड, मले तं हळू बोलताच येत नाई. डोळ्याच्या पडद्यात बारीक रक्ताच्या नसा असतेत. नसेची भिंत पेशीयची. एकीच्या आतून दुसरीच्या आत जायले वाट, त्याच्यातून खाणंपिणं, निरोप, सगळं जाते. शुगर जास्त राह्यली का ह्या वाटा कमी होतेत. पेशी एकेकटी पडते, मरते. भिंत गळाले लागते.

बाबानं घास तसाच धरला. "मंग लेझर त्या वाटा जोडते का?"

"नाई. त्या कोणालेच जोडता येत नाई अजून. लेझर गळती कमी करते, नवीन कच्च्या नसा फुटू देत नाई."

"म्हणजे गेलेलं वापस येत नाई."

"नाई येत."

खोटं बोलली असती तं लवकर तयार झाला असता. पण मले खोटं बोलायचं नव्हतं. बाबा हात धुवाले उठला आन् तिकडूनच बोलला, "सकाळची यष्टी किती वाजता आहे?"

दवाखान्यात डॉक्टरबाईनं डोळा पाहून म्हटलं, शुगरवाल्याले निळं-हिरवं ओळखाले गडबड होऊ शकते, बरं झालं आत्ता आणलं. पडद्यावर रक्त यायले लागलं होतं. तीन वेळा लेझर लागन म्हणे. पहिल्यांदा करून आला तेव्हा बाबाचं डोकं ठणकत होतं, डोळ्यापुढं हिरवे-जांभळे चट्टे. गावात उतरत नाई तं शेजारचा भाऊ थांब्यावरच.

"आणला का जाळून?"

मी तोंड उघडणारच होती, तं बाबानंच म्हटलं, "हो. अजून दोनदा जाळून आणतो. तुह्या बापाचं काय जाते?"

दुसऱ्या वेळी माही परीक्षा होती. मी म्हटलं, पेपर सोडते. बाबा असा चिडला! "तुले एवढं येते तं पेपर दे ना!" आन् एकटा गेला यष्टीनं, बोर्ड वाचता येईना तं कंडक्टरले विचारून विचारून. तिसऱ्याले बी एकटाच.

सहा महिन्यांनी मी सोबत गेली. डॉक्टरबाईनं भिंतीवरचे अक्षरं वाचाले लावले. पहिल्या दिवशी चार ओळी वाचल्या होत्या. बाबानं चार वाचल्या, पाचवीवर अडला. मले वाटलं, आता बाबा नाराज होईन.

तो खुर्चीवरून उठला आन् बाईले म्हणे, "चारच्या चार आहेत ना? मंग झालं. पुढची तारीख द्या."